अर्ध्या तासाचा निबंध

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा डेलिया फुर्तादो औषधाच्या दुकानामागच्या खोलीत उभ्याउभ्या जेवत होती. फोनवरची ई-मेल तिने वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीशी तोंडातला घास तोंडातच राहिला. आधीच्या दोन ओळींत अभिनंदन होतं. फार्मसी कॉलेजने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. तिसऱ्या ओळीत म्हटलं होतं की त्या दिवशी प्रत्येक उमेदवाराने अर्ध्या तासात एक निबंध लिहायचा आहे. हाताने. विषय तिथेच मिळेल.

दुकानाचे मालक सेन्योर अमाराल काउंटरवरून डोकावले. "आलं का?"

"आलं."

"मग तोंड असं का? लिंबू चावल्यासारखं?"

तिने फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं आणि हळूच म्हणाले, "पुन्हा निबंध."

पुन्हा, कारण आदल्या वर्षीही हेच झालं होतं. दुसऱ्या एका कॉलेजात ती मुलाखतीला गेली होती. बोलण्यात ती कुणाला हार गेली नव्हती, पण निबंधाच्या कागदावर अर्ध्या तासात फक्त तीन ओळी उमटल्या आणि त्यातल्या दोन तिनेच खोडल्या. नकार आला. आईला तिने सांगितलं, "जागा भरल्या होत्या." खरं काय ते फक्त अमारालना ठाऊक होतं.

तशी डेलिया हुशार. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावात, अमारालांच्या दुकानात ती सहा वर्षं मदतनीस होती, आणि संध्याकाळच्या कॉलेजात रसायनशास्त्र, जीवशास्त्र सगळं चांगल्या मार्कांनी पार करून बसली होती. पण पोर्तुगालच्या अझोर्स बेटांतल्या साव मिगेलवरून आईचा हात धरून ती अमेरिकेत आली ती दहाव्या वर्षी, आणि शाळेतल्या पहिल्या वर्षी तिने तोंडच उघडलं नव्हतं. पुढे इंग्रजी बोलायला आलं, भरभर आलं. लिहिण्याची धास्ती मात्र गेली नाही. बोलताना चुकलं तर समोरचा माणूस समजून घेतो, कागद काही समजून घेत नाही, असं तिच्या मनात बसलं होतं ते बसलंच.

"मी तुला औषधं शिकवली," अमाराल म्हणाले. "लिहायला शिकवणं माझ्या हातचं नाही. लग्नाआधी बायकोला मी दोन पत्रं लिहिली होती, त्यांच्यापायी लग्न मोडता मोडता राहिलं."

डेलियाला हसू आलं, पण डबा तिने तसाच बंद केला.

त्याच संध्याकाळी तिला सेन्योर एर्मिनियो पाशेकोंच्या घरी औषधं पोचवायची होती. कोलंबिया स्ट्रीटवरच्या तीन मजली लाकडी घरात मधल्या मजल्यावर म्हातारा एकटा राहायचा. एके काळी फॉल रिव्हरमधल्या पोर्तुगीज रेडिओवर सकाळचा कार्यक्रम तोच करायचा. बातम्या, मासळीचे भाव, वाढदिवस, आणि शेवटी निधनवार्ता. गावातल्या कितीतरी माणसांचं नाव शेवटचं ऐकलं गेलं ते त्याच्याच तोंडून. आता त्याच्या डोळ्यांत मधोमध काळोख धरला होता, फक्त कडेकडेचं दिसायचं.

डेलियाने जिन्यातूनच हाक दिली, "औषधं आणलीत!"

"आवाज पडलाय तुझा," आतून उत्तर आलं. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. मीच जाणार आहे. मुलाखतीला."

"मग अशा सुतकी आवाजात काय सांगतेस? ये, बस."

तिने सांगितलं. म्हातारा खुर्चीत रेलून ऐकत होता. अर्धा तास म्हटल्यावर तो हसायलाच लागला.

"अर्धा तास? अगं, एकदा माझा पाहुणा आलाच नाही. समोर कागद नाही, माणूस नाही, नुसता माईक. मी अर्धा तास कोबीवर बोललो. दुपारपर्यंत या रस्त्यावरच्या दुकानांत कोबी उरला नाही."

"तुम्ही आपल्या भाषेत बोलत होतात. मला इंग्रजीत लिहायचंय."

"इंग्रजी तुझं तू बघ. माझं इंग्रजी बसच्या तिकिटापुरतं. पण रविवारी इथे येऊन बस, लिही, आणि काय लिहिलंस ते मला आपल्या भाषेत सांग. मला झोप लागली, तर समज नापास."

"आणि त्याबद्दल तुम्हाला काय द्यायचं?"

"मलसादा," तो एका दमात म्हणाला. "तुझ्या आईच्या हातचे. गरम, तळलेले गोळे, वरून साखर घोळलेले."

"तुमची रक्तातली साखर मागच्या वेळी किती आली होती?"

"तू उमेदवार आहेस का माझी परीक्षक?"

रविवारी प्रार्थनेनंतर डेलिया गेली ती हिरव्या भाजीच्या सूपचं भांडं घेऊन. त्याने झाकण उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि दोन वाट्या संपवल्या.

विषय अमारालनी पुरवले होते. आपल्या ओळखीच्या दोन-चार तरुण फार्मसिस्टना फोन करून त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला काय लिहायला सांगितलं होतं? पहिला विषय सगळ्यांत साधा: तुम्हाला फार्मसिस्ट का व्हायचं आहे? डेलियाने स्वयंपाकघरातलं अंडी उकडताना वापरायचं गजराचं घड्याळ अर्ध्या तासावर लावलं, टेबलावर वाकली, आणि घड्याळ वाजायच्या आत कशीबशी पानभर मजकूर उतरवला. मग पोर्तुगीजमध्ये सांगायला लागली.

"लहानपणापासून माझी लोकांची सेवा करण्याची इच्छा होती. आरोग्य हे मानवी जीवनाचं…"

समोरून घोरण्याचा आवाज आला.

"सेन्योर एर्मिनियो!"

"मी जागा आहे. मुद्दाम घोरतोय. लहानपणापासून तुला काय व्हायचं होतं? खरं सांग. तुझी आई मला ओळखते, मी विचारू शकतो."

डेलियाने ओठ चावला. "बसची ड्रायव्हर."

"मग तेच लिही ना!"

"फार्मसीच्या कॉलेजात बसचं लिहू?"

"का? खरं लिहिलं की पेन मोडतं? बसच्या ड्रायव्हरची फार्मसिस्ट कशी झालीस, ते ऐकायला मी जागा राहीन. सेवेचं ऐकायला पाद्रीबाबा आहेत."

दुसऱ्या रविवारी तिने 'एक रुग्ण' असं लिहिलं, तर तो तिथेच अडला. "हा रुग्ण कोण? राहतो कुठे? अंगात स्वेटर होता का कोट? त्याला नाव नाही का?"

"खरं नाव लिहिता येत नाही. रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नसते, कायदा आहे."

"मग दुसरं नाव दे. पण नाव दे. मी मेलेल्या माणसालासुद्धा नावाशिवाय पोचवलं नाही."

असं चालायचं. तो टोमणे मारायचा, ती चिडायची, सूप संपायचं. घरी येताना जिना उतरतानाच तिच्या डोक्यात नवं वाक्य जुळलेलं असायचं. कागदावर माणसं यायला लागली: मिठाईच्या डब्यात गोळ्या ठेवणारा न्हावी, बाळाच्या औषधाचा चमचा हरवून रडत आलेली तरुण बाई. इंग्रजीतल्या चुका अमारालांची शिकलेली सून तपासून द्यायची. ती म्हणाली, "चुका आहेत, पण आता वाचावंसं वाटतं." हे वाक्य डेलियाने मनात जपून ठेवलं.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. घड्याळ लावलं रे लावलं की ती कागदावर तुटून पडायची, आणि पहिल्या ओळी खोडण्यातच तिचा अर्धा वेळ जायचा.

"कसली घाई असते तुला?" सेन्योर एर्मिनियोने एका रविवारी विचारलं. पेनाची खरखर त्याला ऐकू यायची.

"वेळ थोडा असतो."

तो खुर्ची टेबलाजवळ ओढून म्हणाला, "माझी लाउरिंदा गेली, तेव्हा तू लहान असशील."

"हो. आई सांगते तिच्याबद्दल."

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेडिओवर गेलो. सगळे म्हणाले, आज दुसरा कोणीतरी वाचेल. मी म्हटलं, गावातल्या सगळ्यांची नावं मी वाचली, माझ्या बायकोचं परक्याने वाचायचं? बसलो. तिचं नाव घेतलं. आणि पुढे काही येईना."

डेलियाने पेन खाली ठेवलं.

"रेडिओवर गप्प बसणं म्हणजे गुन्हा. लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. काचेपलीकडून पोरगा हातवारे करत होता, मला ते दिसत होतं, तेव्हा दिसायचं मला. वय, गाव, नातेवाईक, सगळं माझ्यासमोर कागदावर लिहिलेलं. ते तिचं वाटेचना. मी बसून राहिलो. मग एकदम आठवलं, ती सूपमध्ये चिमूटभर मीठ जास्त टाकायची आणि वर मलाच विचारायची, अळणी तर नाही ना झालं? मी तेवढंच सांगितलं आणि उठलो."

"मग?"

"मग काय. नंतर कितीतरी दिवस बायका मला रस्त्यात थांबवायच्या. म्हणायच्या, सेन्योर एर्मिनियो, लाउरिंदा डोळ्यांसमोर उभी राहिली हो. जे मी वर्षानुवर्षं भरभर वाचलं ते कुणाला आठवत नाही. ते चिमूटभर मीठ आठवतं." त्याने नाक पुसलं आणि आवाज चढवला. "तेव्हा तू घाई करू नकोस. काय सांगायचं ते सापडेपर्यंत गप्प बस. लाव घड्याळ. मी सांगेपर्यंत पेनाला हात लावायचा नाही."

विषय होता: तुमच्या अपयशाचा एखादा प्रसंग. डेलिया हात मांडीवर ठेवून बसली. आधी जीव नुसता घाबरला. मग रेडिएटरची कुरकुर ऐकू यायला लागली, खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा परतत होतं त्याचा वास आला, आणि मनातला गलका हळूहळू शांत झाला. म्हातारा म्हणाला, "हं." तिने लिहिलं. आदल्या वर्षीचा तो जवळपास कोरा कागद, आणि आईला सांगितलेलं खोटं. पहिल्यांदाच तिने एकही ओळ खोडली नाही.

तिने ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं. त्याने घोरण्याचं सोंग केलं नाही.

"आईला सांगितलंस हे?"

"नाही."

"मग निबंध अर्धाच झालाय. जा घरी."

घरी तिची आई देओलिंदा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. पडद्यांच्या कारखान्यात आठवडाभर शिलाईवर बसून तिचे खांदे धरायचे, तरी रविवारी तिला स्वस्थ बसवत नसे. डेलिया समोर बसली, दुसरी सुरी उचलली, आणि बटाट्याकडे बघतच सगळं सांगून टाकलं.

देओलिंदाची सुरी थांबली नाही. "मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं? अमारालनी?"

"तो कसला सांगतोय! मीच ओळखलं. जागा भरल्या म्हणून कोणी आठवडाभर भरल्या ताटावरून उठत नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू माझ्यासाठी लपवलंस. मी तुझ्यासाठी विचारलं नाही. दोघी शहाण्या." तिने बटाटा पाण्यात टाकला. "तुला या देशात मी आणलं. शाळेतून तू मुकी होऊन यायचीस, तेव्हा मी रात्रपाळीला असायचे. मला वाटायचं, हे कागदाचं भय मीच तुझ्या पदरात टाकलं."

"आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"बोलू दे. एकदा बोलून झालं की संपलं. आणि हे बघ, या वेळी मी येणार. गाडी मी चालवणार, तू मागे बसून डोकं शांत ठेव."

"तुला हायवेची भीती वाटते."

"वाटते की. तरी येणार."

डेलियाने बटाटा खाली ठेवला आणि आईच्या ओल्या हातांसकट तिला मिठी मारली. इतकी वर्षं ज्या घरात ती वावरली, तिथलं एक दार आतून बंद होतं, आणि कडी काढायला एवढीशी गोष्ट पुरली, याचं तिला नवल वाटत राहिलं.

मुलाखतीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे मळकट ढिगारे होते. देओलिंदा पूर्ण वाटभर उजव्या लेनमधून चालवत होती. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वैतागले, पुढे गेले. प्रत्येक ट्रकला ती एक शिवी द्यायची आणि लगेच देवाची, सांतो क्रिस्तोची, क्षमा मागायची. कॉलेजच्या आवारात पोचल्यावर तिने स्टिअरिंगवरून बोटं एकेक करून सोडवली.

"जा. मी इथेच आहे."

"थंडीत गाडीत नको बसू. आत कॅन्टीन असेल."

"जा म्हटलं ना!"

खोलीत दहा-बारा उमेदवार होते, काळे कोट, चकचकीत बूट. प्रत्येकासमोर पेन आणि कोरे कागद. देखरेखीला असलेल्या बाईने विषय फळ्यावर लिहिला: एखाद्या वृद्ध रुग्णाने तुमच्या मते आवश्यक असलेलं औषध घ्यायला नकार दिला, तर तुम्ही काय कराल?

घड्याळ सुरू झालं. सगळ्या माना एकदम खाली गेल्या, पेनं सरसर चालायला लागली. डेलियाने आपलं पेन टेबलावर आडवं ठेवलं.

आधी आली ती शहाणी वाक्यं. मी रुग्णाला समजावून सांगेन. मी औषधाचे फायदे स्पष्ट करेन. ती वाक्यं तिने येऊ दिली आणि जाऊ दिली. शेजारच्या मुलाने पान उलटलं, तेव्हा तिचा हात पेनाकडे गेलाही, पण तिने तो मागे घेतला. खिडकीबाहेर एक बाई जपून पावलं टाकत बसथांब्याकडे चालली होती. तिला पाहताना डेलियाला दुकानात नेहमी येणारी म्हातारी दोना झुल्मिरा आठवली.

मग तिने लिहायला घेतलं. नाव बदललं, मारिया केलं. बाकी सगळं जसं घडलं तसं.

मारिया दुकानात आली तेव्हा भर हिवाळ्यात तिच्या पायात चपला होत्या, कारण सुजलेले पाय बुटात जात नव्हते. शरीरातलं पाणी काढणाऱ्या तिच्या गोळ्यांची बाटली अजून अर्धी भरलेली होती. डॉक्टर रागावले होते. दुकानाचे मालक रागावले. डेलियाही रागावली, आणि निबंधात तिने तेही लिहिलं. मारिया सगळ्यांचं मुकाट्याने ऐकून घेत होती. मग डेलियाच्या लक्षात आलं की आपण तिघांनी तिला बरंच काही सांगितलं, विचारलं कुणीच नाही. तिने विचारलं, "कुठल्या दिवसाची गोळी राहते?" मारियाने इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "बुधवारची आणि शुक्रवारची." त्या दोन दिवशी ती सकाळच्या बसने दुसऱ्या गावी, वृद्धाश्रमातल्या बहिणीला भेटायला जायची. गोळी घेतली की घडीघडीला जावं लागायचं. बसमध्ये सोय नाही, थांब्यावर सोय नाही. एकदा वाटेत फजिती झाली होती. तेव्हापासून त्या दिवशी ती गोळीला हात लावत नव्हती. एकदा चुकवली की पुढची घ्यायचीही भीती वाटायची, म्हणून कधीकधी ती गुरुवारचीही राहायची. तिला औषध नको नव्हतं. तिला बहिणीला भेटायचं होतं, आणि कोरड्या कपड्यांत परत यायचं होतं.

त्या गोळीचा वैद्यकीय इंग्रजी शब्द ऐन वेळी डेलियाला लिहिता येईना. स्पेलिंग तीनदा मनात जुळवलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. तिने सरळ 'पाण्याची गोळी' असं लिहिलं. मालकांनी डॉक्टरांना फोन केला, आणि डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी घरी आल्यावर घेऊ दे. इतकं सोपं होतं ते. घड्याळात थोडाच वेळ उरला होता, शेवटाला काही भारदस्त सुचत नव्हतं, आणि डेलियाला ते शोधायचंही नव्हतं. तिने लिहिलं: 'बस अडीचला परत येते. मारिया तीनला गोळी घेते. आता तिला बूट होतात.' आणि पेन ठेवलं.

दुपारी तोंडी मुलाखत झाली. समोर दोन प्राध्यापक होते. त्यातल्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंच्या हातात तिचा निबंध होता.

"तुम्ही काय कराल, असं आम्ही विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत ते लिहिलंय."

"विषय चुकला का माझा?"

"नाही, नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "मला एवढंच विचारायचं होतं. ती बहीण कशी आहे?"

"थंडीच्या सुरुवातीला वारली."

"अरेरे. मग आता त्या बाई कुठे जात नसतील."

"जातात. बुधवारी अजून जातात. बहिणीच्या शेजारच्या खाटेवर एक बाई आहे, तिला भेटायला कोणी येत नाही."

बाईंनी तो कागद पुन्हा उचलला. शेजारच्या प्राध्यापकांनी पुढचा प्रश्न विचारला. डेलियाने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवलंच नाही.

मार्चमध्ये कॉलेजचा फोन आला. ती काउंटरवर होती, समोर दोन गिऱ्हाइकं, आणि अमाराल मागे गोळ्या मोजत होते. "हो," ती म्हणाली. "हो, थँक यू. हो." फोन ठेवून ती नुसती उभी राहिली. अमारालनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या गोळ्या तशाच सोडून बाहेर आले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला, त्या बिचाऱ्या अनोळखी माणसाला, त्यांनी आधी मिठी मारली.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. प्रत्येक म्हातारीला वाटत होतं की मेणबत्ती आपण लावली म्हणून पोरीचं काम झालं. दोना झुल्मिराही आली. डेलियाने तिला बाजूला घेऊन निबंधाचं सांगितलं, आणि म्हणाली, "तुमचे आभार मानायचे होते."

दोना झुल्मिराचे डोळे मोठे झाले. "माझं लघवीचं गाऱ्हाणं तू प्रोफेसरांना लिहून दिलंस?"

"तुमचं नाव बदललं होतं."

"नाव बदललंस? का? लाज वाटली माझी?"

"तसा कायदा आहे हो! मारिया लिहिलं."

"मारिया! या गल्लीतल्या निम्म्या बायका मारिया. आता प्रत्येक जण म्हणेल, ती मीच." ती पर्स छातीशी धरून दारापर्यंत गेली आणि वळली. "बहिणीचं लिहिलंस का?"

"लिहिलं."

"हं. मग बरं केलंस," ती म्हणाली, आणि पर्समधून रुमाल शोधत बाहेर पडली.

सेन्योर एर्मिनियोच्या घरी मात्र डेलिया लगेच गेली नाही. आधी घरी गेली आणि आईला म्हणाली, "आज मलसादा कर. एकच, छोटा, त्याच्यासाठी. साखर मी घालीन, किती ते मी बघीन." देओलिंदाने अर्थातच भरपूर केले. त्यातला एक, साखरेचा नुसता वास लावलेला, बशीत घेऊन डेलिया जिना चढली.

त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "पास झालीस वाटतं."

"झाले."

"ही साखर आहे का आठवण?"

"तुमच्यामुळे झाले," ती म्हणाली. हे वाक्य तिने वाटेत बरंच सजवलं होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं.

"माझ्यामुळे कसली? लिहिलं तू. मी तर फुकटचं सूप प्यायलो." मग बशी बाजूला ठेवून तो म्हणाला, "रविवार रिकामे जायचे माझे, पोरी. लाउरिंदा गेल्यापासून. हे दोन महिने मी शनिवारीच दाढी करून ठेवत होतो."

डेलियाने त्याचा हात हातात घेतला. एवढे दिवस आपणच काहीतरी घेतोय असं तिला वाटत होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांना पांढरे कोट देण्याचा समारंभ होता. अमारालनी दुकानाच्या दारावर 'आज बंद' अशी पाटी लावली. असं त्यांनी आजवर फक्त सणाला केलं होतं. गाडी या वेळी त्यांनी चालवली. पुढे सेन्योर एर्मिनियो इस्त्रीचा कोट घालून ताठ बसला, मागे देओलिंदा मांडीवर जेवणाचा डबा घेऊन.

सभागृहात ते तिघे ओळीने बसले. डेलिया रांगेत व्यासपीठाच्या पायरीशी पोचली तेव्हा तिला आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. देओलिंदा म्हाताऱ्याला सगळं सांगत होती.

"आता एक लाल केसांचा मुलगा चढलाय. आता एक मुलगी, चिनी असावी, सुंदर आहे. आता आपली. आपली चढली. केस बांधलेत, मी म्हटलं होतं मोकळे सोड, ऐकते कुठे! कोट घालतायत. डावा हात गेला. उजवा अडकलाय. गेला, गेला!"

"हळू बोल, बाई," सेन्योर एर्मिनियो म्हणाला. "सगळं सभागृह ऐकतंय."

"ऐकू दे! हसतेय का सांगू?"

"सांग."

"हसतेय. आणि रडतेय. अमाराल, तुझा रुमाल दे. तिच्यासाठी नाही, मला."

पुढच्या ओळींतली माणसं वळून बघत होती आणि भाषा न कळता हसत होती. डेलिया व्यासपीठावर उभी होती, अंगावरचा कोट नवा आणि कडक. टाळ्या वाजत होत्या. तिने त्या तिघांकडे पाहून हात हलवला. मग लक्षात आलं की एकाला ते दिसणार नाही, म्हणून तिने व्यासपीठावरूनच, प्राध्यापकांच्या समोर, आपल्या भाषेत मोठ्याने हाक मारली, "मी इथे आहे!"